बारा इंची तबकडी आणि आपले दाखल-रजिस्टर

शताब्दीच्या स्मरणिकेत संस्थापकांचे पुण्यस्मरण करावे, दुर्मिळ ग्रंथांचा परिचय करून द्यावा, देणगीदारांचे ऋण मानावे, असा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. तो बाजूस सारून ग्रामोफोनच्या तबकड्यांविषयी, त्यातही अभिजात गायनाच्या नव्हे तर नाचगाण्यांच्या बारा इंची तबकड्यांविषयी लिहावयास घेतले, याला कारण एक जुनी चूक आहे. ती प्रस्तुत लेखकाच्याच हातून घडली. शंभर वर्षांच्या हिशोबात जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूही मांडली जावी, म्हणून ती येथे नमूद करतो.

इ. स. १९९४ च्या सुमारास नारायणगुड्यातील एका मराठी कुटुंबाकडून ग्रंथालयाला निरोप आला. घरातील वडीलधारे गृहस्थ निवर्तले होते आणि मुले घर आवरीत होती. पुस्तकांबरोबर तबकड्यांची दोन मोठी खोकी होती. ती ग्रंथालयाने ठेवून घ्यावीत, अशी त्यांची इच्छा होती. निवडीचे काम माझ्याकडे आले. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्या मी आदराने वेगळ्या काढल्या. भावगीतेही घेतली. उरलेल्या बारा इंची तबकड्यांवर झगमगीत वेष्टणे होती. त्यांवर डिस्को, हिंदी चित्रपटांतील नाचगाणी आणि काही परदेशी गायकांची नावे दिसत होती. ‘हे ग्रंथालयाच्या कामाचे नाही’ असे म्हणून मी त्या परत पाठविल्या. पुढे त्या रद्दीवाल्याकडे गेल्याचे कळले. त्या वेळी मला त्याचे काही वाटले नाही. आज वाटते. का, ते समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

निजामाच्या राज्यात राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. विवेकवर्धिनीची स्थापना १९०७ मध्ये झाली. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये नारायणगुड्यात केशव मेमोरियल शाळा निघाली. अशा संस्थांच्या आधाराने येथील मराठी माणूस आपली भाषा राखीत आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद शहरातील मराठी माणसे मात्र येथेच राहिली. पुण्या-मुंबईच्या नाटकाला, मैफलीला ती नित्य जाऊ शकत नव्हती. त्यांच्यापर्यंत मराठी सूर पोहोचत, ते दौऱ्यावरील कंपन्यांमुळे, आकाशवाणीमुळे आणि तबकडीमुळे. आपल्या ग्रंथालयाच्या कपाटातील पुस्तक जे काम करीत होते, तेच काम घरातील फोनो करीत होता.

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचा खरा प्रारंभ १९०२ मध्ये झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग त्या वर्षी कलकत्त्यास आले आणि त्यांनी गोहरजान आदी कलावंतांचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर येथे. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि १९२८ मध्ये दमदम येथे मोठा कारखाना उभा राहिला. ही तबकडी लाखेच्या मिश्रणाची असे. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे, बारा इंचीवर चार-साडेचार मिनिटांचे. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत आवळावा लागला, हे आपण जाणतोच. परंतु याच बंधनाने मराठीला भावगीत दिले, हेही विसरता येत नाही. ग. ना. जोशी यांनी भावगीते गायिली आणि पुढे ग्रामोफोन कंपनीत राहून असंख्य कलावंतांचे मुद्रण केले. त्यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे पुस्तक या काळाचा मोलाचा दस्तऐवज आहे. गजानन वाटवे, ज्योत्स्ना भोळे यांची गाणी घरोघर गेली, ती याच तीन मिनिटांच्या तबकडीवरून. पाश्चात्त्य जगात ज्याला पॉप म्हणतात, त्याचे आपल्याकडील सोज्ज्वळ भावंड म्हणजे भावगीत, असे म्हटल्यास फारसे वावगे ठरू नये.

१९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने विनाइल या कृत्रिम द्रव्याची बारा इंची लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. तिचे फेरे मिनिटाला ३३⅓, आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे गाणे. दुसऱ्याच वर्षी आर. सी. ए. कंपनीने ४५ फेऱ्यांची सात इंची छोटी तबकडी काढली. पुढील पंचवीस वर्षे वाटणी ठरून गेली होती : मोठी तबकडी अनेक गाण्यांच्या संग्रहाची आणि छोटी तबकडी एकट्या लोकप्रिय गाण्याची, ज्याला तिकडे ‘सिंगल’ म्हणतात.

ही वाटणी मोडली ती काहीशी अपघाताने. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन हे नृत्यगृहांसाठी गाणी लांबवून देण्याचे काम करीत. एकदा नमुना कापण्यासाठी सात इंची कोऱ्या तबकड्या संपलेल्या होत्या, म्हणून गाणे दहा इंचीवर कापले गेले. जागा रिकामी दिसू नये म्हणून चर दूरदूर पसरविले, तो आवाज एकदम भरदार आला. तेथून बारा इंचीपर्यंत मजल गेली. १९७६ मध्ये साल्सोल कंपनीने ‘टेन पर्सेंट’ हे गाणे बारा इंची सिंगल म्हणून विक्रीस आणले. असे दुकानात मिळणारे ते पहिले सिंगल मानले जाते.

आवाज भरदार का झाला, याचे उत्तर साध्या गणितात आहे. खर्जाचा सूर कोरताना चर दोन्ही बाजूंना जास्त झोके घेतो, म्हणून त्याला शेजारी मोकळी जागा लागते. शिवाय सुईखालून चर जितक्या वेगाने सरकेल तितका बारकावा अधिक उमटतो. सात इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेवर ४५ फेऱ्यांना हा वेग सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर पडतो, लाँग प्लेच्या कडेवर सुमारे ५१, आणि बारा इंची तबकडी ४५ फेऱ्यांनी फिरविली तर सुमारे ६९. नृत्यगृहातील मोठ्या कर्ण्यांना हवा होता तो ठोका या रुंद चरात मिळाला.

ही लाट आपल्याकडे आली ती बंगळूरच्या बिड्डू यांच्या मार्फत. इंग्लंडमध्ये नाव कमावलेल्या या संगीतकाराने १९८० मधील ‘कुर्बानी’ चित्रपटासाठी नाझिया हसन या पाकिस्तानी किशोरीकडून एक गाणे गाऊन घेतले आणि १९८१ मध्ये तिचाच ‘डिस्को दीवाने’ हा संग्रह आला. ‘डिस्को डान्सर’ हा चित्रपट १९८२ चा. पाश्चात्त्य धर्तीचे निव्वळ एका गाण्याचे बारा इंची सिंगल आपल्याकडे फारसे रुजले नाही. येथे त्याला निराळे रूप आले. एचएमव्हीने चित्रपटगीतांच्या काही बारा इंची तबकड्या ४५ फेऱ्यांच्या काढल्या आणि त्यांच्या क्रमांकाआधी ‘४५ एनएलपी’ अशी अक्षरे छापली. आकार लाँग प्लेचा आणि फेरे सिंगलचे, असा हा संकर होता. नव्वदीच्या मध्यापर्यंत ध्वनिफितींपुढे सर्वच तबकड्या बाजारातून जवळजवळ हद्दपार झाल्या.

बाजाराने टाकून दिलेली वस्तू संग्राहक उचलतो. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. सुरेश चांदवणकर यांनी तिचे काम निष्ठेने वाहिले. संस्थेच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाचे अंक आता शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक अंकीय ग्रंथालयात वाचावयास मिळतात. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर यांनी हिंदुस्थानातील पहिल्या ध्वनिमुद्रणांची क्रमांकवार सूची सिद्ध केली. या मंडळींचे ऋण मोठे आहे. त्यांचा ओढा स्वाभाविकपणे ७८ फेऱ्यांच्या तबकडीकडे होता, कारण ती अधिक जुनी आणि अधिक ठिसूळ. परिणाम असा झाला की, मी मोठ्या आदराने ठेवून घेतलेल्या नाट्यपदांना आणखीही रक्षक होते. मी परत पाठविलेल्या तबकड्यांना मात्र त्या वेळी कोणीच वाली नव्हता.

ग्रंथालयांच्या इतिहासात हे नवीन नाही. एके काळी कादंबरी हे हलके वाचन मानले जाई. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि वाचकांनी त्या अक्षरशः फाटेस्तोवर वाचल्या. आज त्यांचा संपूर्ण संच शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाची दमछाक होते. जे सर्वांजवळ असते ते कोणीच जपत नाही, आणि म्हणून तेच आधी नाहीसे होते. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक असतो, या आशयाचे सूत्र डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवले आहे. ते आमच्या कार्यालयात लावलेले होते. त्याच्याच खाली बसून मी ती खोकी निवडली.

येथे कोणी म्हणेल की, ती गाणी आज बोट लावताच इंटरनेटवर ऐकू येतात, मग गेले काय? आक्षेप रास्त आहे, म्हणून अंकीय रूपांतराची रीत थोडक्यात सांगतो. प्रथम तबकडी धुवावी लागते. विनाइलला शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात किंचित अल्कोहोल चालते, लाखेच्या तबकडीला ते लावले तर लाखच विरघळते. लाखेच्या रुंद चराला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, विनाइलला १८ ते २५ मायक्रॉनची. कोरताना खर्ज दाबून टाकलेला असतो, तो वाजविताना ठरावीक प्रमाणात वर आणावा लागतो. हे प्रमाण १९५४ नंतर बहुतांशी एकसारखे झाले. त्याआधी कंपनीगणिक ते वेगळे असे. मग सेकंदाला ९६ हजार नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा, या मापाने मुद्रण करावे. सहा मिनिटांच्या एका गाण्याला सुमारे २०७ मेगाबाइट जागा लागते. आणि फेऱ्यांची चूक करू नये! ४५ ची तबकडी ३३ वर लावली तर मध्य षड्ज मंद्र पंचमाच्याही किंचित खाली उतरतो. लाँग प्लेच्या आकाराला फसून असे घडणे अगदी शक्य आहे. खरी गती कळते ती तबकडीवरील चिठ्ठीवरून आणि क्रमांकावरून, नुसत्या आवाजाच्या फाइलवरून नव्हे.

येथेच मुद्द्याशी येतो. इंटरनेटवरील गाण्याला बहुधा ना क्रमांक असतो, ना वेष्टण. ते कोणत्या तबकडीवरून घेतले, छोटी आवृत्ती की नृत्यासाठी लांबविलेली, हे सांगणारे कोणी नसते. मुखपृष्ठ आणि मुद्रणपृष्ठ फाटलेल्या पोथीसारखी त्याची अवस्था असते. पोथी वाचता येते, पण ती कोणाची, कधीची, हे सांगता येत नाही. ते सांगण्याचे शास्त्र ग्रंथपालाजवळ शंभर वर्षे आहे. दाखल-रजिस्टर आणि तालिका हेच ते शास्त्र.

कायदाही या बाबतीत ग्रंथालयाच्या बाजूने आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. १९८१ ची तबकडी २०४१ अखेरपर्यंत संरक्षित आहे. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी अंकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. अट एकच : मूळ, अंकीय नसलेली प्रत ग्रंथालयाजवळ आधीपासून असली पाहिजे. म्हणजे ज्याने तबकडी परत पाठविली, त्याने जतनाचा अधिकारही परत पाठविला.

त्या खोक्यांबरोबर आलेली एक यादी आमच्या जुन्या फाइलीत परवा सापडली. कै. गृहस्थांच्या सुबक अक्षरात प्रत्येक तबकडीपुढे खरेदीची तारीख आणि कोणाच्या आग्रहावरून घेतली ते लिहिले आहे. नाट्यपदांपुढे ‘स्वतःसाठी’ किंवा ‘सौ. साठी’. मी परत पाठविलेल्यांपुढे ओळीने ‘चि. कन्येसाठी’. एका पानावर बालगंधर्व आणि त्याखाली चार ओळींनंतर नाझिया हसन. हैदराबादेतील एका मराठी घराची तीस वर्षे त्या क्रमात लिहिलेली होती. वडिलांचे मराठी आणि मुलीचे हिंदी-इंग्रजी एकाच फोनोवर, एकाच सुईखाली कसे नांदत होते, हे सांगणारा दुसरा पुरावा आज आपल्याजवळ नाही. मी दोन पिढ्यांतली एक ठेवून घेतली आणि दुसरी रद्दीत घातली. संग्रह हाच मुळी एक ग्रंथ होता, आणि मी त्याची निम्मी पाने फाडली.

म्हणून सभासदांना आणि आश्रयदात्यांना एवढीच विनंती आहे. घरातील तबकड्या ग्रंथालयाकडे आणताना चांगल्या-वाईटाची निवड करून आणू नका. आहेत तशा, आहेत त्या क्रमाने, वेष्टणावर लिहिलेल्या नावा-तारखांसह आणा. त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. शेजारी उन्हाची खिडकी नको. त्या वाजतात की नाही, याची चिंता आम्ही करू. आमच्या बाजूने शिस्त अशी राहील : आधी संपूर्ण संचाची दाखलनोंद, मग छायाचित्र, मग स्वच्छता आणि अखेरीस रूपांतर. निवड करावयाची झालीच तर ती पुढच्या पिढीने करावी, तिला आपल्यापेक्षा अधिक दिसेल.

ती यादी आता रीतसर दाखल करून घेतली आहे. तिच्यातील परत गेलेल्या तबकड्यांपुढे ‘अप्राप्य’ असा शेरा मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे.