जन्मावरून ठरलेला गुन्हा

मांजरा नदी ओलांडली की कळंब तालुका संपतो आणि केज तालुका लागतो. कागदावर जिल्हा बदलतो. जमीन, पीक, बोली, सोयरीक यांत काही बदलत नाही. त्या पलीकडच्या तालुक्यात, मांगवडगाव येथे, मे २०२० मध्ये शेतजमिनीच्या जुन्या वादातून पारधी समाजातील एकाच कुटुंबातील तिघांची हत्या झाली. टाळेबंदीचे दिवस होते. वृत्तपत्रे महामारीने भरली होती आणि ही वार्ता लवकरच मागे पडली. आपल्या या पट्ट्यात गायरानाच्या कडेला असलेल्या पारध्यांच्या वस्त्या वाचकांनी पाहिल्या आहेत. त्यांच्याविषयी बोलताना 'ते तसलेच' हे दोन शब्दही त्यांनी ऐकले आहेत. या दोन शब्दांमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो जाणून घेतल्यावाचून मांगवडगावसारख्या घटनांचा अर्थ लागणार नाही, असे आम्हांस वाटते.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी जमात गुन्हेगार असल्याचे सरकारने एकदा जाहीर केले की तिच्यातील प्रत्येकाचे नाव नोंदवहीत चढे. हजेरी द्यावी लागे, गाव सोडताना दाखला घ्यावा लागे. माणसाने काय केले हा प्रश्नच उरला नाही. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पुरे झाले. कायद्यातील सर्वांत भयंकर कलम मात्र आमच्या मते वेगळेच आहे. सरकारच्या त्या घोषणेची सत्यासत्यता कोणत्याही न्यायालयाला तपासता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. म्हणजे चौकशीचे दारच कायद्याने बंद केले. १९११ साली तो कायदा सर्व ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू करण्यात आला. आपला भाग तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता; पण त्या राज्यानेही असाच कायदा केला. सोलापुरास काटेरी तारेच्या आत मोठी वसाहत उभी राहिली. देशात अशा काही वसाहती चालविण्याचे काम साल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थांनी पत्करले होते. शाळा, दवाखाना, हाताला काम त्यांनी दिले हे खरे. पण किल्ली तारेच्या बाहेर होती, हेही आपण ख्रिस्ती लोकांनी विसरता कामा नये.

पारधी मुळात शिकारी. फासे लावून तितर, लाव्हे, हरणे धरणारे, म्हणून फासेपारधी. जंगलाचे कायदे आले, पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि त्यांचा परंपरागत धंदाच अपराध ठरला. शेती कोणी दिली नव्हती. त्यामुळे जमिनीचा तुकडा कसू लागलेल्या पारध्याचा गावाशी तंटा होतो, तेव्हा तो केवळ बांधाचा तंटा नसतो.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. तार तुटली, पण सवय तुटली नाही. मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा आला आणि संशयाची बोटे पुन्हा त्याच पालांकडे वळली. ८ जून १९९८ रोजी बारामतीत एका पारधी तरुणाचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या खेडिया शबर तरुणाचा कोठडीत अंत झाला होता. त्याने गळफास घेतला, असे सांगण्यात आले. येथे त्याच्या जातबांधवांनी जे केले ते विलक्षण होते. त्यांनी पेंढ्याचा पुतळा जाळला आणि खरा देह गुप्तपणे पुरून ठेवला. देह राहिला म्हणून दुसऱ्यांदा शवविच्छेदन होऊ शकले. महाश्वेतादेवींनी पाठ धरली, आणि जुलै १९९८ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास सोपवून विधवेस भरपाई देण्याचा आदेश दिला. ज्यांना अडाणी म्हणून हिणवतात त्यांनी पुराव्याचे मोल ओळखले होते.

युरोपातील रोमा लोकांची कहाणी याहून फार निराळी नाही. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले. पाणी, नाक, कान हे शब्द थोड्या फरकाने आजही त्यांच्या तोंडी आहेत. बल्गेरियात जुलै १९९६ मध्ये दोन निःशस्त्र रोमा तरुण लष्करी पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाले. त्यांच्या जमातीवरून शिवी दिल्याचे एका साक्षीदाराने सांगितले. तपास अधिकाऱ्यांनी ते कानाआड केले. ६ जुलै २००५ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जो निवाडा दिला त्यातील बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. गोळ्या वंशद्वेषातूनच झाडल्या, हे सिद्ध झाले असे न्यायालयाने म्हटले नाही. वंशद्वेष होता काय, हे शोधलेच नाही, हाच राज्यसंस्थेचा अपराध ठरविला. हंगेरीत तर फेब्रुवारी २००९ मध्ये जळत्या घरातून पळणाऱ्या रोमा पित्याला व त्याच्या लहानग्या मुलाला गोळ्या घातल्या गेल्या, आणि पोलिसांनी प्रथम ती विजेच्या दोषाने लागलेली आग मानली. मारेकऱ्यांना शिक्षा २०१३ साली झाली. तोवर त्या टोळीने सहा रोमांचा बळी घेतला होता. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी २ जून २०१९ रोजी रोमानियातील ब्लाज येथे ख्रिस्तसभेच्या नावाने रोमा समाजाची क्षमा मागितली, तीत त्यांच्याशी केलेल्या भेदभावाचाही उच्चार होता.

आता पुन्हा महाराष्ट्राकडे येऊ. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारात मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुले पळविणारे समजून धरले गेले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने त्यांना ठार मारले. एका भ्रमणध्वनीवरून दुसऱ्यावर फिरणारी अफवा हीच फिर्याद, हाच पुरावा आणि हाच निकाल!

पारधी अनुसूचित जमातीत मोडतात. त्यामुळे त्यांच्यावरील हल्ल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लावता येतो, आणि मग तपास उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. डवरी गोसावी भटक्या जमातींत गणले जातात. त्यांना हे संरक्षण नाही. दोघांची पाले एकाच माळावर असली तरी!

पण कलम लागले म्हणून तपास झाला असे होत नाही. फिर्याद घेताना फिर्यादीचीच झडती सुरू होते. पंच गावचे, साक्षीदार गावचे, आरोपीही गावचे. मार खाल्लेले कुटुंब भीतीने पाल उचलून निघून जाते. समन्स पोहोचविण्यास पत्ता उरत नाही आणि वर्षे लोटल्यावर खटला उभा राहतो तेव्हा बोलणारे कोणी नसते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमांतील जातीय भेद रद्द केला आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदींवरही बोट ठेवले. १८७१ ची ती नोंदवही तुरुंगाच्या नियमांत तोवर शिल्लक होती. गावच्या पोलीस पाटलाच्या मनात, चावडीवर, आणि मिस्सा सुटल्यावर मंदिराबाहेर चालणाऱ्या आपल्या गप्पांत ती कितपत शिल्लक आहे, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.