मूठ आणि ओंजळ

आमच्या घरी फटाक्यांची वाटणी वसुबारसेच्या संध्याकाळी होत असे. वडील शाळामास्तर, पगार बेताचा. जे काही आणीत त्याच्या तीन सारख्या वाटण्या करीत. माझी वाटणी नरकचतुर्दशीच्या पहाटेलाच संपे. ताई आपल्या फुलबाज्या शेजारच्या मुलांना देऊन मोकळी होई. दादा मात्र लवंगी माळ सोडवी, एकेक फटाका मोजून डब्यात टाकी आणि डबा फडताळात वर ठेवून देई. आम्ही त्याला ‘चिक्कू’ म्हणून चिडवीत असू.

एकच घर, एकच आई, पंगतही एकच. मग एकाची मूठ मिटलेली आणि दुसऱ्याची ओंजळ उघडी, असे का? हा प्रश्न मला पुढे महर्षी कर्वे यांच्या घराची हकीकत वाचताना पुन्हा भेटला.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. बालपण दापोलीजवळच्या मुरुड गावी गेले. घराण्याने पूर्वी चांगले दिवस पाहिले होते. वडिलांच्या वाट्याला मात्र तुटपुंज्या पगाराची नोकरी आली. अशा दिवसांत गावात बातमी पसरली, की बडोद्याच्या गायकवाडांकडून ब्राह्मणांना माणशी दहा रुपये दक्षिणा मिळणार. त्या घराला दहा रुपये म्हणजे केवढी रक्कम! मुलांना जावेसे वाटले; आईने साफ नकार दिला. दक्षिणेसाठी हात पसरणे आपल्या घराला शोभत नाही, एवढेच तिचे म्हणणे. अर्थशास्त्राचा हा पहिला धडा कर्व्यांना आईने दिला, आणि तोही रिकाम्या हातांनी.

धडा किती खोल रुजला पाहा. पुढे मुंबईत शिकवण्या करून राहणाऱ्या या तरुणाने १८८६ साली ‘मुरुड फंड’ काढला. नियम सोपा: मिळकतीच्या रुपयामागे एक पैसा गावासाठी काढून ठेवायचा. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होते. चौसष्टावा हिस्सा कोणालाही जड नव्हता. पण तो दर महिन्याला न चुकता बाजूला काढायला विलक्षण चिकाटी लागते. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाचे काम आरंभले आणि त्यासाठी ते दारोदार वर्गणी मागत फिरले. ज्याला आईने दहा रुपयांसाठी हात पसरू दिला नाही, त्याने उभा जन्म हात पसरला. पण स्वतःसाठी नव्हे! मला वाटते, आईच्या शिकवणुकीचा अर्थ त्यांनी तिच्याहूनही नीट लावला.

पण घर एकट्या दात्याचे नसते. १८९३ साली कर्व्यांनी पुनर्विवाह केला तो गोदूबाईंशी, म्हणजे आनंदीबाईंशी. त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या पहिल्या विद्यार्थिनी. कर्व्यांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा घरात मुले लहान होती. त्या वेळी बायांच्या मनात काय उलथापालथ झाली असेल, हे कोणत्याही गृहिणीला सांगायला नको. ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना एक गोष्ट पक्की ध्यानात येते: अण्णांची ओंजळ उघडी राहू शकली, कारण बायांची मूठ मिटलेली होती. पैसा पैसा जोडून त्यांनी संसार सावरला. आणि गंमत अशी, की पुढे याच बाया संस्थेसाठी वर्गणी गोळा करीत हिंडल्या.

आता मुलांकडे पाहा. थोरले रघुनाथ हे पहिल्या पत्नीचे, राधाबाईंचे चिरंजीव. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली; १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी पदराला खार लावून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. शंकर डॉक्टर होऊन दूर आफ्रिकेत मोंबासाला गेले. दिनकर फर्ग्युसन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत राहिले व प्राचार्य झाले. भास्कर हिंगण्याच्या संस्थेच्या कामात रमले. भाऊ चार आणि वाटाही चार. कोणी धोका पत्करला, कोणी समुद्र ओलांडला, कोणी घराजवळच राहिले. पण पैसा हे साधन आहे, साध्य नव्हे, ही खूण मला चौघांतही दिसते.

अलीकडे अर्थशास्त्रज्ञही या वाटेला लागले आहेत. बांगलादेशच्या खेड्यांतील ५०० हून अधिक कुटुंबांची पाहणी करून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आज थोडे पैसे घेता की थांबून जास्त, असे प्रश्न त्यात आईबापांना आणि मुलांना वेगवेगळे विचारले होते. आईबाप धीराचे तर मुलेही बहुधा धीराची, असे आढळले. धोका पत्करण्याचे आणि दुसऱ्याला देण्याचेही तसेच. आपल्या आजीने ‘खाण तशी माती’ म्हणून हा निष्कर्ष केव्हाच सांगून टाकला होता! पण मातीचे मडके होते आणि पणतीही होते, त्याचे काय?

त्याचे उत्तर मला दादानेच दिले, तोंडाने नव्हे. अठराव्या वर्षी शिक्षण सोडून तो कारकुनीला लागला आणि त्याच्या पगारावर मी पदवीधर झालो. मी मात्र कित्येक वर्षे त्याला चिक्कूच म्हणत राहिलो. गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असता मी सहज विचारले, “दादा, ते फटाके तू कशासाठी रे जपून ठेवायचास?”

त्याने चकली मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली. म्हणाला, “तुझे पहिल्याच दिवशी संपायचे. तुळशीच्या लग्नाला तू रडत बसायचास. मग कोणाच्या डब्यातून देणार होतो?”

आणि मला आठवले: तुळशीच्या लग्नाला माझ्या हातात दर वर्षी लवंगी फटाके असत. ते कोठून येतात, हे मी कधी विचारलेच नव्हते.