कारण : निष्काळजीपणा

बग ट्रॅकर वापरणाऱ्या प्रत्येकाला 'युजर एरर' हा शेरा माहीत असतो. तो मारला की तिकीट बंद, विषय संपला! पण असाच शेरा मारलेली तीनशे तिकिटं कुणी शेजारी-शेजारी मांडली, तर कळतं की युजर बिचारा बरोबर होता, स्क्रीनच चुकीचा होता. शंभरेक वर्षांपूर्वी एका बाईने हेच केलं. फरक एवढाच की तिच्यासमोर तिकिटं नव्हती, मेलेली माणसं होती.

तिचं नाव क्रिस्टल ईस्टमन. १९०७ मध्ये नुकतीच वकील झालेली, वय २६. अमेरिकेत पिट्सबर्ग म्हणजे तेव्हा पोलाद, कोळसा आणि रेल्वे यांचं शहर. रसेल सेज फाउंडेशनच्या पैशावर तिथे एक मोठी पाहणी सुरू झाली आणि कामावरच्या अपघातांचा भाग क्रिस्टलकडे आला.

तिने केलं ते ऐकायला अगदी साधं आहे. जुलै १९०६ ते जून १९०७ या वर्षातले कॉरोनरच्या दफ्तरातले सगळे अपघाती मृत्यू काढले. एका अ‍ॅलेगनी काउंटीत ५२६! म्हणजे आठवड्याला दहा. त्यात १९५ पोलाद कामगार, १२५ रेल्वेवाले, ७१ खाणकामगार आणि उरलेले १३५ इतर. शिवाय तीन महिन्यांत इस्पितळात आलेले ५०९ जखमी. मग ती नि तिचे सहकारी घरोघरी गेले आणि मागे राहिलेल्यांचं काय झालं ते विचारलं. ज्यांच्या मागे बायको होती अशा निम्म्याहून अधिक घरांत भरपाई म्हणून शंभर डॉलरपेक्षा जास्त काही आलंच नव्हतं, कित्येकांना तर छदामही नाही.

का नाही? कारण कायदा मालकाला तीन पळवाटा देत होता. धोका माहीत असूनही तू कामावर आलास, चूक तुझ्या सोबत्याची होती, किंवा थोडी का होईना तुझी स्वतःची होती. आणि 'बहुतेक अपघात कामगाराच्याच निष्काळजीपणाने होतात' हे तर कारखानदारांचं ठरलेलं उत्तर. एकेक अपघात सुटा पाहिला तर ते पटतंही. माणूस दमलेला होता, घाईत होता, पाय घसरला. पण ५२६ एकत्र ठेवले की प्रश्न बदलतो. बारा-बारा तास राबणारा माणूस सदैव सावध राहील असं गृहीत धरणारं यंत्र कुणी बसवलं?

तिच्या पाहणीतलं 'मृत्यूचं कॅलेंडर' मला सगळ्यात जास्त भिडलं. वर्षाचं साधं कॅलेंडर, ज्या दिवशी जितके मेले तितक्या फुल्या. आजचे आपले सगळे डॅशबोर्ड यापुढे फिके आहेत.

१९१० मध्ये तिचं पुस्तक आलं. त्याआधीच न्यूयॉर्क राज्याने तिला या विषयावरच्या आयोगावर घेतलं होतं. त्यातून भरपाईचा कायदा झाला, पण २४ मार्च १९११ ला कोर्टाने तो रद्द केला. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागून १४६ जण गेले. शेवटी १९१३ मध्ये राज्यघटनाच दुरुस्त करावी लागली, मगच तो कायदा परत आला. त्याचा परिणाम? अपघाताचा खर्च मालकाच्या वहीत दिसू लागला, आणि जे वहीत दिसतं ते कमी करावंसं वाटतं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण १९३१ मध्ये हाइनरिक नावाच्या विमा कंपनीतल्या माणसाने हजारो अपघातांच्या नोंदी तपासून सांगितलं की ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्याने होतात. हा आकडा पुढे कित्येक दशकं प्रशिक्षणात घोकवला गेला. नोंदी भरल्या होत्या कुणी? बऱ्याचशा विमा कंपनीने आणि कारखान्यातल्या वरिष्ठांनी! 'कारण' या रकान्यात ते दुसरं काय लिहिणार?

म्हणजे नुसता डेटा असून भागत नाही मंडळी. रकाना कुणी भरला आणि जखमीला कुणी विचारलं का, हेही बघावं लागतं. असो. सोमवारी एखादं तिकीट 'युजर एरर' म्हणून बंद करण्याआधी त्याच्यासारखी आणखी किती आहेत, एवढं जरूर शोधा.