नळे परतण्यापासून जिना मोकळा करण्यापर्यंत

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, सोसायटीचा इतिहास लिहिणारी मी कोण? जमीन कशी मिळाली, कर्जाचे हप्ते कसे फिटले, पाण्याची टाकी कधी बांधली, हे जुन्या पदाधिकाऱ्यांनी याच अंकात लिहिलं असेल. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यात किल्ले होते, तह होते, सनावळ्या होत्या. सिंधुदुर्ग किल्ला बांधायला १६६४ साली सुरुवात झाली, हे मालवणातलं पोर झोपेतही सांगेल. पण त्या काळी घरातला केर कोण काढायचं आणि तो कधी काढायचा, हे कुठल्याच धड्यात नव्हतं. म्हणून मी आपल्या घरांतल्या पसाऱ्याचा इतिहास लिहायचं ठरवलं. यात मी स्वतःही दोषी आहे, ते पुढे येईलच.

आपल्यापैकी बहुतेकजण गावच्या घरांतून या फ्लॅटांत आलो. कोणी आचऱ्याहून, कोणी देवबागहून, कोणी कट्ट्याहून. त्या घरांची आठवण निघाली की सगळे म्हणतात, ‘काय स्वच्छ घरं होती ती!’ खरं आहे. पण ती तशी का होती, याचा विचार आपण करत नाही. आपल्या सासवा, आज्या आपल्यापेक्षा जात्याच नीटनेटक्या होत्या, असं काही नाही. माझी आजी तर चांगलीच वेंधळी होती. तरी तिचं घर आरशासारखं असे, कारण ते घर तिला गप्प बसूच देत नसे.

नळ्यांचंच बघा. मंगलोरी कौलं येण्याआधी आपल्याकडची घरं एकतर गवताने किंवा झावळ्यांनी शाकारलेली, नाहीतर कुंभाराच्या हातच्या नळ्यांची. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. पुढे ती कौलं किनाऱ्याने गावोगाव पोचली, तरी गरिबाघरी नळेच राहिले. हे नळे दरवर्षी पावसाआधी परतावे लागत. म्हणजे सगळे उतरवायचे, झाडायचे, फुटके बाजूला काढायचे, पुन्हा रचायचे. वर माणूस चढला की खाली वर्षाचा धुरळा, उंदरांची घरटी, कोळिष्टकं, सगळं अंगावर. त्यामुळे आधी घर रिकामं करावंच लागे. माळ्यावरचं खाली, खालचं खळ्यात. खळ्यात उन्हात मांडलेला आपला संसार अख्खी वाडी बघणार, मग मोडका पाट आणि कान तुटलेली बरणी परत आत न्यायची लाज वाटे. अडगळ तिथल्या तिथे निकालात निघायची. लाकूड असेल तर चुलीत, माती असेल तर माडाच्या बुंध्याशी.

मग आगोट. पावसाचे चार महिने बाजार मिळेल न मिळेल म्हणून तांदूळ, मिरची, सोलं, सुकी मासळी, लाकूडफाटा, सगळ्याची बेगमी. ते ठेवायला जागा हवी, म्हणून जुनं संपलेलं असायलाच हवं. तांदूळ कणगीत, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधलेला, मासळी वेगळ्या डब्यात आणि डबा चुलीच्या वरच्या फळीवर, म्हणजे ओल धरणार नाही. वस्तू जागेवर नसली तर ती नुसती हरवत नसे, कुजत असे. पाऊस सरला की गणपतीची झाडलोट, समया-निरांजनं चिंचेने घासणं. दसऱ्याच्या सुमारास खळं चोपून सारवणं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचं. वर्षभर असा कुठला ना कुठला मुहूर्त मागे लागलेलाच.

रोजचाही एक मुहूर्त होता, तो म्हणजे दिवेलागण. दिवा लावायच्या आत केर निघालाच पाहिजे, दिवा लागल्यावर केर काढायचा नाही, लक्ष्मी बाहेर जाते. माझ्या मते लक्ष्मीपेक्षा त्यात व्यवहार जास्त होता. कंदिलाच्या उजेडात केराबरोबर कानातलं गेलं तर दिसणार कसं? कारण काहीही असो, रोज संध्याकाळी एक ठरलेली वेळ घरच्या बाईला गाठावीच लागे.

बाईला, हे मुद्दाम लिहिलं. या साऱ्या स्वच्छतेचा भार एकाच कमरेवर होता. नळे परतायला पुरुष चढत, बाकी सगळं बायकांकडे. सारवून सारवून बोटांना भेगा पडलेल्या मी पाहिल्या आहेत. तेव्हा जुन्या घरांचे गोडवे गाताना ती बोटंही आठवावीत.

आमच्या सासूबाई आचऱ्याच्या. आचरा म्हटलं की गावपळण आलीच. सोसायटीतल्या लहान मुलांसाठी सांगते. दर तीन-चार वर्षांनी, साधारण मार्गशीर्षाच्या सुमारास, रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळे. घराला कुलूप, बाजार बंद, गावात चूलसुद्धा पेटत नाही. वेशीबाहेर झोपड्या, राहुट्या घालून राहायचं, रात्री भजनं, फुगड्या. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि देवाने दिला तरच परतायचं, नाहीतर मुक्काम वाढतो. मालवण तालुक्यात चिंदर, वायंगणीलाही ही प्रथा आहे. यामागे काय, याची वेगवेगळी कारणं लोक सांगतात, त्यात मी पडत नाही. मला वेगळीच गोष्ट दिसते. दर काही वर्षांनी प्रत्येक घराला एक हिशेब करावा लागे : तीन दिवस जगायला काय लागतं? सासूबाई सांगायच्या, ‘काय व्हया ता घेवा, बाकी देवाक सोपवा.’ तांदूळ, दोन टोपं, तवा, चटई, कंदील, पांघरूण. एका डोक्यावरच्या ओझ्यात संसार मावायचा. उरलेलं घरी कुलपात, आणि तीन दिवसांत त्याची आठवणही कोणाला येत नसे.

आता आपण फ्लॅटांत आलो. ना नळे परतायचे, ना खळं चोपायचं. लादी पुसली की झालं. बाजार बारा महिने उघडा, म्हणजे आगोट नाही. ट्यूबलाइट लागली, दिवेलागण मालिकांमध्ये विरघळली. घर रिकामं करायला लावणारं काहीच उरलं नाही आणि सामान मात्र वाढत गेलं. आम्ही गावच्या घरातून घंगाळ आणलं, जातं आणलं, पाच परात्या आणल्या. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली आणि मुंबईकरांना त्यांचं जुनं सामान गावी पाठवणं सोपं झालं. त्यांचा जुना टीव्ही, जुनं कपाट, जुना मिक्सर, ‘तुमका उपेगी पडात’ म्हणून. नाही म्हणायचं कसं? शिवाय घराघरांत ती प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी होतीच. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा माझ्या घरातून ती पिशवी निघाली, त्यात मोजून एकशे बारा पिशव्या होत्या.

घरात मावेना ते दाराबाहेर आलं. आपल्या जिन्याचा इतिहास जुन्या सभासदांना आठवत असेल. आधी फक्त चपला होत्या. मग चपलांचं कपाट आलं, मग सायकली, मग आंब्याच्या रिकाम्या पेट्या, नारळाची पोती, आणि आमच्या दारापाशी सासूबाईंची काळी पत्र्याची पेटी. कमिटीने नोटीस लावली की जिना आणि पॅसेज सामाईक आहे, सामान उचला. उपविधींत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. मी नोटीशीला चार पानी उत्तर दिलं. ‘शेजारच्यांची सायकल आधी काढा, मग माझी पेटी.’ शेजारच्या वहिनींनीही तसंच उत्तर दिलं, फक्त उलट. सर्वसाधारण सभेत त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही, दोन्ही घरची माणसं हा अंक वाचणार आहेत.

विनोद असा की २०१६ साली केंद्राच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात ७५ जिल्हे पाहिले गेले आणि सपाट प्रदेशातल्या ५३ जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग पहिला आला. वेंगुर्ल्याने तर कचऱ्याच्या डेपोची बाग केली, लांबलांबचे लोक बघायला येऊ लागले. शाळेत मी अभिमानाने मुलांना सांगितलं आणि घरी येताना पेटीला वळसा घालून, सायकलीच्या हँडलखालून वाकून दार उघडलं.

१६ मे २०२१, तौक्ते वादळ. तो दिवस कोणी विसरलं नसेल. माड कोसळले, पत्रे उडाले, वीज गेली ती कितीतरी दिवस. दुसऱ्या रात्री काळोखात सासूबाईंना धाप लागली. कोरोनाचे दिवस, मनात भलतीच भीती. रस्त्यावरची झाडं चुकवत रुग्णवाहिका आली, दोन मुलं स्ट्रेचर घेऊन वर आली, आणि आमच्या दारात स्ट्रेचर वळेना. एका बाजूला चपलांचं कपाट, समोर सायकली, कोपऱ्यात ती पेटी. टॉर्चच्या उजेडात यांनी आणि शेजारच्या भाऊंनी सामान ओढायला सुरुवात केली. पोतं फुटलं, नारळ जिन्यावरून गडगडत खाली गेले. शेवटी सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून चौघांनी खाली नेलं. किती मिनिटं गेली कोण जाणे, मला तासासारखी वाटली. ज्या वहिनींशी मी चार वर्षं धड बोलत नव्हते, त्या ऑक्सिजनची नळी धरून पुढे चालत होत्या.

सासूबाई वाचल्या. आठ दिवसांनी घरी आल्या तेव्हा जिना मोकळा होता. कोणी नोटीस लावली नव्हती.

तिथून आमच्या मजल्यावर काही गोष्टी ठरल्या आणि हळूहळू खाली उतरल्या. मृगाआधीच्या रविवारी सकाळी आठ वाजता प्रत्येक मजल्याने आपला पॅसेज आणि गच्चीचा भाग रिकामा करायचा, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याला आम्ही ‘नळे परतणं’ म्हणतो. सगळं खाली अंगणात येतं, सगळे बघतात, आणि पूर्वीसारखीच लाज वाटून निम्मं परत वर जात नाही. भंगारवाल्याला आता तारीख आधीच पाठ असते.

घरातलं सांगायचं तर बऱ्याच गोष्टी करून पाहिल्या आणि बऱ्याच फसल्या. पुण्याच्या सूनबाईने जपानच्या मारी कोंडो यांची पद्धत सांगितली : वस्तू हातात घ्यायची, आनंद वाटला तरच ठेवायची. सासूबाईंनी प्रत्येक डबा हातात घेतला आणि त्यांना प्रत्येक डब्याने आनंद झाला. एक नवीन वस्तू आली की एक जुनी जाणार, हा नियम दिवाळीच्या सेलपर्यंत टिकला. डब्यांवर चिकटवलेली नावं पावसात सुटली.

टिकल्या त्या जुन्याच गोष्टी, थोड्या बदलून. दिवेलागणीच्या आधी पंधरा मिनिटं घरात जो असेल त्याने उठायचं आणि आपली वस्तू आपल्या जागी ठेवायची. दुसऱ्याची नाही, आपलीच. हेही उठतात. पहिले पंधरा दिवस चष्मा आणि पेपर शोधण्यातच यांची पंधरा मिनिटं जात, आता तीन मिनिटांत आवरतात. रात्री झोपताना ओटा रिकामा, मग सिंकमध्ये एक टोप राहिलं तरी चालेल. शनिवारी एकच खण किंवा एकच फळी, जास्त नाही. जास्त काढायला गेलं की दुपारी सगळं पलंगावर आणि रात्री पुन्हा तसंच आत कोंबलेलं, हा अनुभव घेऊन झालाय. आणि लॉफ्टवर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर तारखेची चिठ्ठी. दोन गणपती गेले आणि ती वस्तू खाली उतरली नाही, की तिला निरोप. अशा रीतीने जातं गेलं, तीन परात्या गेल्या, मुंबईचा टीव्ही गेला. घंगाळ मात्र ठेवलंय, त्यात मनीप्लांट आहे.

राहिली ती पेटी. जिना मोकळा झाला तशी ती घरात आली होती आणि दिवाणाशेजारी अडून बसली होती. बऱ्या झाल्यावर एका दुपारी मी सासूबाईंना भीत भीत म्हटलं, ‘आई, पेटीचं काय करूया?’ त्यांनी कमरेची चावी काढून दिली. मला वाटलं, जुनी लुगडी असतील, कागद असतील. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन टोपं, एक तवा, काटोकाट घडी घातलेली चटई, कंदील, त्याची जास्तीची वात, काड्यापेटी मेणकापडात, दोन पांघरुणं आणि पितळी लोटा. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी घट्ट बसवलेली.

‘अडगळ न्हय गो ती,’ त्या म्हणाल्या. ‘पळणीची पेटी ती. कधी कौल येयत, काय सांगूक होता?’

वादळाच्या रात्री आम्ही काळोखात मेणबत्ती शोधत फिरत होतो आणि कंदील दाराबाहेर पेटीत होता.

दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. पेटी आहे. ती आता हॉलमध्ये खिडकीखाली असते, वर गादी टाकली की दोन माणसं बसतात. कंदील तसाच आहे, शेजारी टॉर्च, औषधं, घराचे कागद, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि पाण्याचे दोन कॅन आलेत. मृगाआधीच्या रविवारी सगळे नळे परतत असतात तेव्हा मी ती उघडते, टॉर्चचे सेल बदलते, औषधांच्या तारखा बघते. गेल्या वर्षी शेजारच्या वहिनी मदतीला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, अशी पत्र्याची पेटी हल्ली कुठे मिळते? बाजारात दोन दुकानं आम्ही दोघींनी मिळून पालथी घातली, तेव्हा कुठे एक मिळाली.