शेअरची किंमत ठरवायची कुणी?

गेल्या दिवाळीत घरात एक वाद झाला. भाच्याने नुकतंच फायनान्स शिकायला घेतलंय, आणि त्याचं ठाम मत की कंपनीची किंमत म्हणजे एक्सेलमधलं एक गणित. पुढच्या दहा वर्षांची रोकड मांडायची, एक दर लावून आजच्या पैशात आणायची, की झालं! मी त्याला म्हटलं, बाबा रे, आपल्याच देशात पंचेचाळीस वर्षं ही किंमत दिल्लीतला एक सरकारी अधिकारी ठरवत होता. त्याला ते खरंच वाटेना. म्हणून हा लेख, त्याच्यासाठी आणि ज्यांना हा काळ आठवतो त्या मंडळींसाठी.

तर गोष्ट सुरू होते युद्धात. 1943 साली इंग्रज सरकारने भांडवल उभारणीवर नियंत्रण आणलं. हेतू साधा होता, पैसा युद्धाच्या कामाकडे वळावा. युद्ध संपलं, इंग्रज गेले, पण नियंत्रण राहिलं. 1947 च्या कॅपिटल इश्यूज (कंट्रोल) कायद्याने ते पक्कं झालं. कंपनीला शेअर विकायचे असतील तर अर्थ मंत्रालयातल्या 'कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज'ची परवानगी हवी आणि किंमतही त्याला पटायला हवी.

किंमत काढायचं त्याचं सूत्र आता वाचताना गंमत वाटते, पण ते अगदीच अडाणी नव्हतं. दोन आकडे काढायचे. पहिला, कंपनीची मालमत्ता वजा देणी, भागिले शेअरची संख्या. दुसरा, गेल्या तीन वर्षांचा करोत्तर नफा सरासरीने घ्यायचा आणि ठरलेल्या दराने त्याचं भांडवली मूल्य काढायचं. कारखानदारीला 15 टक्के, व्यापाराला 20, मधल्यांना साडेसतरा. मग दोन्हींची सरासरी.

उदाहरणच घेऊ, आकडे माझ्या मनातले. शेअरमागे मालमत्ता 30 रुपये, सरासरी नफा 6 रुपये. 15 टक्क्यांनी 6 चे झाले 40. तीस आणि चाळीसची सरासरी 35. बाजारात तोच शेअर 90 ला असला तर भाव जास्त म्हणून दरात थोडी सवलत मिळे, पण सूत्राचा पाया तोच. आणि नव्या कंपनीला तर मागचा नफाच नाही, तिने दर्शनी किमतीलाच शेअर विकायचे.

आता यातली मेख बघा. या सूत्रात भविष्य कुठेच नाही! अमेरिकेत जॉन बर विल्यम्सने 1938 मध्येच मांडलं होतं की शेअरची किंमत म्हणजे त्यातून पुढे मिळणाऱ्या लाभांशाचं आजचं मूल्य. आपलं सूत्र मात्र मागे वळून बघत होतं: काय जमवलंय आणि काय कमावलंय.

याचा फायदा कुणाला झाला? आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांना. 1973 चा फेरा कायदा आला आणि बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा 40 टक्क्यांवर आणावा लागला. त्यांचे शेअर भारतीयांना याच सरकारी भावात मिळाले. इश्यूचे फॉर्म भरायची चटक अनेक घरांना लागली ती तेव्हापासून. अ‍ॅलॉटमेंट लागली की लॉटरीच, नाहीतर रिफंड ऑर्डरची वाट बघायची. नुकसान कुणाचं, याचा विचार फॉर्म भरणारा थोडाच करणार? ते जुन्या भागधारकांचं, आणि त्याच शेअरवर कमी भांडवल मिळणाऱ्या कंपनीचं.

1992 मध्ये हा कायदा रद्द झाला. सेबीला अधिकार मिळाले, आणि किंमत ठरवायचं काम कंपन्या, त्यांचे सीए आणि बाजार यांच्याकडे आलं. लगेच पुढच्याच वर्षी परीक्षेची वेळ आली.

टॉमको, म्हणजे टाटा ऑइल मिल्स. 1917 सालची कंपनी. हमाम, 501 आणि आपला दिवाळीचा मोती साबण, हे सगळं तिचं. नव्वदीच्या सुरुवातीला ती तोट्यात होती. 1993 मध्ये हिंदुस्थान लीव्हरमध्ये तिचं विलीनीकरण ठरलं. अदलाबदलीचं प्रमाण: टॉमकोच्या 15 शेअरना लीव्हरचे 2. म्हणजे कुणाच्या कपाटात 150 शेअर असतील तर हातात यायचे 20.

वीसच का? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. मूल्यांकनात तीन पद्धती एकत्र केल्या होत्या: उत्पन्नावरून, मालमत्तेवरून आणि बाजारभावावरून. विरोधकांचे आक्षेप बरेच होते. टॉमकोच्या भागधारकांना कमी मिळतंय. मूल्यांकन करणारे सीए टॉमकोच्याच संचालक मंडळावर आहेत. युनिलिव्हरचा 51 टक्के हिस्सा टिकावा म्हणून तिला 105 रुपयांनी शेअर दिले जाताहेत, बाजारभावाच्या कितीतरी खाली. कामगार संघटनाही विरोधात होत्या. टॉमकोच्या कामगारांच्या अटींना योजनेत हमी होती, पण माणसं जास्त झाली तर आपलं काय, ही लीव्हरच्या कामगारांची भीती.

ऑक्टोबर 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरण मान्य केलं. सार असं की मान्य पद्धतीने मूल्यांकन झालं असेल आणि भागधारकांनी प्रचंड बहुमताने ते स्वीकारलं असेल, तर न्यायालय स्वतः हिशेब मांडत बसणार नाही. 1996 च्या मफतलाल प्रकरणातही तोच सूर राहिला.

मला हा निकाल कायद्याच्या दृष्टीने पटतो. न्यायाधीशांनी पुन्हा कंट्रोलर व्हायचं का? पण एक गोष्ट खटकत राहते. मतदानात शेअरच्या संख्येला मोठं वजन असतं. वित्तीय संस्थांचे गठ्ठे एका बाजूला आणि कपाटातले दीडशे शेअर दुसऱ्या बाजूला, तेव्हा 'बहुमत' या शब्दाचा अर्थ पातळ होतो. आणि कामगाराला तर मतच नाही. पुढे 2013 च्या कंपनी कायद्याने नोंदणीकृत मूल्यांककाची तरतूद केली, हितसंबंध असलेल्याने मूल्यांकन करू नये असंही सांगितलं. टॉमकोच्या वेळचा एक आक्षेप असा वीस वर्षांनी कायद्यात उतरला म्हणायचा.

तेव्हा भाचेबुवा, तुझं एक्सेल चुकीचं नाही. पण त्यातला दर कुणीतरी निवडतं, वाढीचा आकडा कुणीतरी टाकतं. कंट्रोलरचा 15 टक्के निदान सगळ्यांना माहीत तरी होता. तुझ्या शीटमधला दर कुणी ठरवला आणि त्यात त्याचं काय अडकलंय, एवढं विचारायची सवय ठेव. गणित त्यानंतर.