कमावलेली झडप

१९६५ साली पॅरिसमध्ये आलँ कार्पांतिए आणि झाँ-पॉल बिने यांनी डुकराच्या हृदयातली झडप माणसाच्या हृदयात बसवली. बदली झडप तोवर नवी राहिली नव्हती. १९६० मध्येच अमेरिकेत अल्बर्ट स्टार आणि लॉवेल एडवर्ड्स यांची, पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप आली होती. ती वर्षानुवर्षं टिके. पण तिच्यावर रक्त गोठे, आणि गुठळी सुटून मेंदूकडे गेली की अर्धांगवायू.

जनावराच्या झडपेवर गुठळ्या फारशा धरत नाहीत. अडचण वेगळीच निघाली. शरीर परकी ऊती ओळखून तिच्यावर तुटून पडे, आणि त्या पहिल्या झडपा लवकर निकामी झाल्या. तेव्हा कार्पांतिए रसायनशास्त्राकडे वळले. चामडं कमावायला वापरतात ते ग्लुटाराल्डिहाइड त्यांना उपयोगी पडलं. ते ऊतीतल्या कोलॅजनचे धागे एकमेकांशी पक्के बांधतं, त्यामुळे ऊती कुजत नाही आणि शरीराचा विरोधही ओसरतो. आज बसवली जाणारी जवळपास प्रत्येक जैविक झडप, डुकराची असो वा गाय-बैलाच्या हृदयावरच्या आवरणातून शिवलेली, याच कमावण्यातून येते. ती कुठल्या प्राण्याची, हे रुग्णाला आधी सांगितलंच पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.

पण या कमावलेल्या ऊतीत हळूहळू कॅल्शियम साचतं. पाकळ्या ताठरतात, कधी फाटतात. वय जितकं कमी, तितकं हे लवकर. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १९७७ ते १९८२ या काळात ५७५ पुरुषांना धातूची किंवा ऊतीची झडप बसवली. १५ वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा ६५ वर्षांखालच्यांत मिट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यांमधल्या झडपेच्या जागी ऊतीच्या झडपा सुमारे ४४ टक्के निकामी झालेल्या, धातूच्या ४ टक्के. रक्तस्राव मात्र धातूवाल्यांना जास्त झाला.

म्हणजे तरुणाला धातूची, म्हाताऱ्याला ऊतीची; हा हिशेब पाश्चात्त्य म्हाताऱ्यांसाठी ठीक आहे. आपल्याकडे झडप खराब होते ती बरेचदा लहानपणीच्या घसादुखीतून उद्भवलेल्या संधिवाताच्या तापाने, आणि ऑपरेशन येतं ऐन तारुण्यात. धातूची झडप घेतली तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि तिच्यासाठी आयएनआरची, म्हणजे रक्त गोठण्याच्या वेगाची, तपासणी पुन्हा पुन्हा. मुंबईच्या गोराई गावातल्या माणसाला अशा तपासणीसाठी बोरिवलीला जायचं तर बोटीने खाडी ओलांडावी लागते, नाहीतर उत्तनवरून भाईंदरचा वळसा. त्यात तरुण बाईला मूल हवं असेल तर प्रश्न आणखी बिकट, कारण ही गोळी, वॉरफरिन, गर्भापर्यंत पोहोचते. म्हणून तिला अनेकदा ऊतीचीच झडप सुचवली जाते, दहा-पंधरा वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागेल हे गृहीत धरून. हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पण दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च आणि जोखीम पहिल्याच भेटीत, घरच्यांसमोर मांडायला हवी.

अलीकडे निकामी झडपेच्या आतच मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप सरकवता येते. २००२ मध्ये फ्रान्सात रूआँ इथे आलँ क्रिबिए यांनी अशा वाटेने महाधमनीची पहिली झडप बसवली. आता वापीला मेरिल ही भारतीय कंपनी मायव्हॅल नावाची अशी झडप बनवते. तिच्याही पाकळ्या गाय-बैलाच्या आवरणाच्याच. मात्र झडपेत झडप बसवली की रक्ताची वाट दर वेळी थोडी अरुंद होते, आणि पंचविशीतल्या मुलीला त्याच वाटेवर आणखी चाळीस-पन्नास वर्षं काढायची असतात.