निलंग्याहून एक पत्र, पोर्ट ५८७ मार्गे

तर झालं असं. निलंग्यात माझ्या मामांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. तिथल्या एका जुनाट डबड्यावर मीच हौसेने लिनक्स टाकून दिलं होतं. रोज रात्री दोन वाजता उधारीच्या खात्यांचा बॅकअप पेनड्राइव्हवर जाईल असा क्रॉन जॉबही लावला होता. गेल्या खरिपात त्या मशीनची डिस्क मेली. म्हटलं चिंता नाही, बॅकअप आहे. बघतो तर शेवटची फाइल तीन महिन्यांपूर्वीची! पेनड्राइव्ह कधीच भरला होता आणि क्रॉन बिचारा रोज रात्री बोंबलत होता. मेलेल्या डिस्कवरून कसाबसा लॉग वाचता आला. त्यात रोज तीच एक ओळ, अर्थ असा: मेल पाठवणारा प्रोग्राम बसवलेला नाही, सबब आउटपुट टाकून देत आहे.

मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी गल्ल्याखालची लाल वही काढली आणि आम्ही दोन दिवस बसून कागदावर होतं तेवढं पुन्हा चढवलं. बाकीचं गिऱ्हाइकांच्या इमानावर. (बहुतेकांनी आपापले आकडे स्वतःहून सांगितले.)

आता सर्व्हरवरून मेल बाहेर पाठवणं म्हणजे दहा मिनिटांचं काम, असं मला वाटत होतं. लागला अख्खा वीकेंड. आणि त्या नादात जो इतिहास वाचला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिला प्रश्न, क्रॉन मेल का करतो? फाइलमध्ये लिहून गप्प का बसत नाही? कारण युनिक्स ज्या काळात वाढलं त्या काळात प्रत्येक मशीन हे स्वतःच एक पोस्ट ऑफिस होतं. पत्र घेणं, रांगेत ठेवणं आणि पुढच्या मशीनला देणं हे सगळं घरच्या घरी. एरिक ऑलमन याने बर्कलीत १९७९ च्या सुमारास डिलिव्हरमेल लिहिला, त्यातूनच पुढे सेंडमेल झाला. आणि एका मशीनने दुसऱ्याला पत्र कसं द्यायचं याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. योगायोग बघा, लातूर जिल्हा उस्मानाबादमधून वेगळा झाला तोही ऑगस्ट १९८२ मध्येच. आमचा जिल्हा आणि एसएमटीपी एकाच वयाचे!

त्या नियमांत ओळखपत्र मागणं नव्हतंच. ‘मी अमुक, हे तमुकसाठी’ एवढं म्हणायचं, समोरचा पत्र ठेवून घेणार.

आपल्याकडे ही गोष्ट मुंबईत सुरू झाली. १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प काढला. १९८६-८७ मध्ये जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात डायलअप जोडणी झाली. एनसीएसटीचे प्रमुख होते श्रीनिवासन रमणी. सुरुवातीला सेवा एकच, ती म्हणजे ईमेल, आणि तीही यूयूसीपीवर. एक मशीन दुसऱ्याला चक्क फोन लावायचं, साठलेली पत्रं देऊन-घेऊन फोन ठेवायचं. फोन लागला नाही तर पत्रं रांगेत थांबायची. एनसीएसटीच्या मशीनचं नाव होतं ‘शक्ती’, आणि पत्त्यात मधली मशीनं उद्गारचिन्हांनी जोडत लिहावी लागत, एसटीच्या पाटीवर मधली गावं लिहितात तशी. दिल्ली-मुंबई पहिली कायमची लाइन १९९१ मध्ये आली, ९.६ केबीपीएसची. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून.

आता थोडं विषयांतर. आजोळच्या कपाटात पणजोबांची जुनी पत्रं आहेत. निलंगा तेव्हा निजामाच्या बीदर जिल्ह्यात. हैदराबाद संस्थानाचं टपाल खातं स्वतःचं होतं, १८६९ पासून तिकिटंही स्वतःची, आणि त्यातल्या बऱ्याच तिकिटांवर उर्दूबरोबर मराठी आणि तेलुगूही. पण ही तिकिटं संस्थानाच्या आतच चालायची. निलंग्याहून बीदरला पत्र घालायचं तर निजामाचं तिकीट पुरे. सोलापूरला घालायचं तर इंग्रजांचं तिकीट हवं. १९५० मध्ये ते खातं भारतीय टपालात विलीन झालं तेव्हा कुठे हे संपलं.

आणि मी मामांच्या दुकानात बसून नेमका हाच अनुभव घेत होतो. पोस्टफिक्स बसवला आणि माझ्याच जीमेलवर ‘नमस्कार’ पाठवला. गेला नाही. मेलक्यू म्हणून कमांड आहे, ती मारली तर पत्र रांगेत, शेरा ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. मामा चहा घेऊन आले.

"निघालं का रे पत्र?"

"निघालंय मामा, वेशीवर अडलंय."

ही वेस कुणी बांधली? आधी १९८८ चा मॉरिस वर्म, तो इतर वाटांबरोबर सेंडमेलच्याही एका भोकातून शिरला. मग नव्वदच्या दशकातला स्पॅम. ओळख न विचारता कुणाचंही पत्र पुढे पाठवणारे सर्व्हर म्हणजे स्पॅमवाल्यांना फुकटचं पोस्ट. १९९८ मध्ये सेंडमेल ८.९ ने परक्यांची पत्रं पुढे पाठवणं मुळातच बंद केलं. त्याच वर्षी डिसेंबरात ठरलं की माणसांनी आपलं पत्र पोर्ट ५८७ वर द्यायचं, पोर्ट २५ सर्व्हरांनी आपसात वापरायचा. आज घरगुती ब्रॉडबँडवर आणि बऱ्याच क्लाउडवर बाहेर जाणारा पोर्ट २५ बंदच असतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूला पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि आयपीचं उलट नावही लागतं. बदलत्या आयपीवरच्या आमच्या डबड्याकडे यातलं काय असणार? कप्पाळ!

मग शरणागती. पोस्टफिक्सला सांगितलं की फक्त स्वतःच्याच मशीनची पत्रं घे आणि सगळी रिलेहोस्टकडे दे, पोर्ट ५८७, टीएलएस लावून. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. तो एका फाइलमध्ये, आणि ती फाइल रूटशिवाय कुणाला वाचता येणार नाही अशी. क्रॉनटॅबमध्ये वर मेलटू आणि माझा पत्ता.

एमएसएमटीपी याहून सोपा आहे, पाच-सहा ओळींत काम होतं. पण त्याला स्वतःची रांग नाही. नेट नसेल त्या क्षणी पत्र गेलं ते गेलंच. निलंग्यात लाइट गेली की राउटर जातो, आणि मशीन यूपीएसवर चालू राहतं. पोस्टफिक्स मात्र पत्र पाच दिवस धरून ठेवतो आणि पुन्हा पुन्हा दार वाजवतो. १९८९ च्या एका इंटरनेट-मानकातच लिहून ठेवलंय की निदान चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नका. फोन लागेल न लागेल अशा काळातली ही समजूत आमच्या दुकानाला अजून कामाला येते.

रविवारी रात्री झोपलो. दोन वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. निलंग्याहून पहिलं पत्र. मजकूर: पेनड्राइव्हवर जागा शिल्लक नाही.

(जुनाच लावून ठेवला होता. सकाळी लातूरहून नवीन आणला.)